पोत गहाण टाकून मिळणारे आरोग्य

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. पण कोर्टाची पायरी चढायची की नाही, हे निदान माणसाच्या हाती असते. दवाखान्याचे तसे नाही. तेथे शहाणा आणि वेडा, बागायतदार आणि सालदार असे सगळेच कधी ना कधी जातात. प्रश्न फक्त एवढाच, की ती पायरी उतरताना कोणाच्या हाती काय उरते?

जळगावच्या सोन्याचा लौकिक मोठा. लग्नसराईत चार जिल्ह्यांतले लोक सराफ बाजारात येतात. मात्र खान्देशातल्या बाईच्या गळ्यातली पोत म्हणजे नुसती हौस नव्हे. ती तिची आरोग्य विम्याची पॉलिसीही असते. बँकेतल्या नोकरीत सोनेतारण कर्जाचे अर्ज मी वर्षानुवर्षे पाहिले. अर्जावर कारण ‘घरखर्च’ असे लिहिलेले असे. दागिना सोडवायला माणूस आला, म्हणजे बोलण्यातून कळे, की तो घरखर्च म्हणजे वडिलांचे ऑपरेशन होते किंवा सुनेचे अडलेले बाळंतपण. लग्नासाठी कर्ज काढणारा सहा महिने आधी चौकशी करतो. बियाण्यासाठी येणारा मृगाच्या अगोदर येतो. दवाखान्यासाठी येणारा मात्र धापा टाकतच येतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, पैसा आजच जोयजेत.’’ किती लागतील, हे त्याला सांगता येत नाही. किंमत ठाऊक नसताना, घासाघीस न करता आणि नाही म्हणण्याची सोय नसताना माणूस जगात एकच खरेदी करतो, ती उपचाराची. म्हणूनच ही खरेदी केवळ बाजारावर सोपवून भागत नाही.

हे शहाणपण नवे नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच सांगून ठेवले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये. सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी, डोंगरी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे आजचे गणित त्याच विचाराचे नातवंड. पाट्या लागल्या, इमारतीही झाल्या. पण इमारत म्हणजे दवाखाना नव्हे, जसा देव्हारा म्हणजे देव नव्हे.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपले धुळे होते. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पुढे केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. संरक्षणाची रक्कम दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्या छत्राखाली आली. या योजनेमुळे हृदयाची शस्त्रक्रिया होऊन शाळेत जाऊ लागलेली मुले आपल्या गावागावांत आहेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही लहान गोष्ट नव्हे.

मग दुखणे कोठे आहे? दुखणे असे, की ही योजना माणूस खाटेवर आडवा झाल्यावर धावून येते. तो उभा असेतोवर तिचे त्याच्याकडे लक्ष नसते. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची तपासणी, दम्याचा पंप, सांधेदुखीचे औषध हे सारे महिन्याच्या महिन्याला खिशातून. घरोघरचा आरोग्यखर्च पाहिला, तर त्यात औषधांचाच वाटा सर्वांत मोठा निघतो. शंभर रुपयांची गोळी परवडत नाही म्हणून ती चुकते आणि पुढे त्याच माणसाच्या अर्धांगवायूवर किंवा डायलिसिसवर सरकार लाखांचे बिल भरते. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे अधिक सांगायला नको. पीकविम्याची भरपाई हवीच. पण ती काही पाटाच्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही. आपण विमा वाढवत चाललो आहोत आणि पाट मात्र गाळाने भरत चालला आहे.

तो गाळ किती साचला आहे, हे दोन घटनांनी दाखवून दिले. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तेथे नव्हता. दुसरीकडे न्या, असे सांगणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरला नातेवाइकांच्या जमावाने जबर मारहाण केली, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले. मारहाणीचे समर्थन कोणी करू नये. पण तज्ज्ञाची जागा भरणे त्या पोराच्या हाती नव्हते. ते ज्यांच्या हाती होते, ते त्या रात्री तेथे नव्हते. दुसरी घटना जून २०२० ची, करोनाच्या पहिल्या लाटेतली. जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्धेचा मृतदेह काही दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. निलंबनाने बातमी संपते, व्यवस्था सुधारत नाही.

यावर काही जाणकार म्हणतात, सरकारला दवाखाना चालवता येत नाही, हेच यातून सिद्ध होते; तेव्हा सरकारने फक्त बिल भरावे, उपचार खासगी रुग्णालयांनी करावेत. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जळगाव आणि धुळे शहरांत निष्णात, सचोटीचे खासगी डॉक्टर आहेत. पण खासगी रुग्णालय बाजार असेल तेथेच उभे राहते. चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यात, साक्रीच्या पश्चिमेला किंवा नंदुरबारच्या धडगावात ते कशाला येईल? हातात पाच लाखांचे कार्ड आहे आणि पन्नास किलोमीटरवर सर्जन नाही, अशा माणसाचे कार्ड म्हणजे दुष्काळी विहिरीवरची नवी मोट. शिवाय केवळ पैसे ओतून भागत असते, तर राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा आरोग्यावर खर्च करणाऱ्या अमेरिकेत बिलापायी दिवाळे निघणारी कुटुंबे दिसली नसती.

सुधारणेचे मार्ग परग्रहावरून आणायचे नाहीत. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीचे स्वतंत्र महामंडळ काढले आणि प्रत्येक सरकारी दवाखान्याला चक्क पासबुक दिले. वर्षाची रक्कम त्यात जमा, औषध उचलले की नावे. माझ्यासारख्या बँकवाल्याला यापेक्षा सोपे काय हवे? आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. आता पासबुकही येऊ द्या. थायलंडने २००२ मध्ये रुग्णालयांना प्रत्येक बिलामागे नव्हे, तर नोंदलेल्या लोकसंख्येमागे पैसे द्यायला सुरुवात केली. त्यामुळे माणूस निरोगी राहण्यात दवाखान्याचाही फायदा झाला. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम महाराष्ट्रात २०२१ पासून आहेच. तो पाळला जातो की नाही, एवढेच पाहायचे आहे.

आणि सरकारी खात्यांतल्या भिंती पाडाव्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, पण वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. जळगावात २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जुने सिव्हिल त्याला जोडले गेले. पारोळ्याहून आलेल्या म्हातारीला दोन विभागांतला हा भेद कोणी समजावून सांगायचा? तिच्या दृष्टीने ते सिव्हिलच.

पैशाचा प्रश्न उरतोच. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. वाढीव रुपया आला, तर तो आधी गोळीला, नर्सला आणि तालुक्याच्या सर्जनला मिळावा, मग बिलाला. हा क्रम उलटा झाला, तर तिजोरी रिकामी होईल आणि पोतही सुटणार नाही.

यात आपल्या मध्यमवर्गाचाही वाटा आहे. आपण जिल्हा परिषदेची शाळा सोडली, तसे सिव्हिलही सोडले. आणि ज्या दारात आपण जात नाही, त्या दाराची चौकशी आपण करत नाही. येत्या ग्रामसभेत किंवा आमदार भेटतील तेव्हा दोनच प्रश्न विचारा. आमच्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी आज आहे का? आणि डॉक्टरची जागा कधीपासून रिकामी आहे? उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. कर्जाच्या हप्त्यासाठी बँक आपल्याला विचारते ना, अगदी तसेच.