सहलीतली मुलं कुठे होती?

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या जुलैतल्या सहलीनंतर मंडळाला जेवढ्या ई-मेल आल्या, तेवढ्या मंडळाच्या घटनादुरुस्तीच्या वेळीही आल्या नव्हत्या. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. 14 वर्षांवरच्या मुलांना पालकांशिवाय किनाऱ्यावरच्या बोर्डवॉकवर फिरू द्यायचं, हा कार्यकारिणीचा निर्णय. दोन-तीन पत्रांत श्रीखंड कमी पडल्याचीही तक्रार आहे; ती भोजन समितीकडे पाठवली आहे.

जे सहलीला नव्हते (आणि पत्रं लिहिणाऱ्यांत असेही काही सभासद आहेत) त्यांच्यासाठी आधी घडलं ते. नियम साधे होते. किमान चौघांचा गट, गटात निदान एक चार्ज केलेला फोन, एक वाजता जेवायला हजर, चार वाजता पुन्हा एकदा हजेरी. समुद्रात घोट्याच्या वर पाणी येईल इतकं आत पालकांशिवाय जायचं नाही. एका गटाची जेवणाची वेळ टळली. पाऊण तास आईवडिलांच्या तोंडचं पाणी पळालं, दोन काका कॅरोसेलपासून पार धक्क्यापर्यंत शोधून आले. मुलं ‘जायंट डिपर’च्या रांगेत उभी होती. 1924 पासून धावणारा हा लाकडी रोलरकोस्टर, उन्हाळ्यातल्या रविवारी त्याची रांग कशी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलांनी उशीर होतोय असा निरोपही पाठवला होता, पण तो इन्स्टाग्रामवरच्या आपल्या गटात. सहलीचे स्वयंसेवक व्हॉट्सअ‍ॅपकडे डोळे लावून बसले होते.

त्यावरून दोन बाजू पडल्या. ‘कुणाच्या जिवाचं काही बरंवाईट झालं असतं तर जबाबदार कोण?’ असं एकीचं म्हणणं. ‘कॉलेजात गेल्यावर एकदम मोकळं सोडणार का?’ असं दुसरीचं. दोन्हीकडे मंडळासाठी वर्षानुवर्षं राबलेली माणसं आहेत. त्यामुळे कुणाला बेफिकीर आणि कुणाला भित्रं ठरवण्यात अर्थ नाही, आणि फ्रीमाँटकर विरुद्ध क्युपर्टिनोकर असा जो रंग या वादाला दिला जातो आहे, तोही खरा नाही. दोन्ही गावांतली घरं दोन्ही बाजूंना आहेत.

निर्णय मात्र कायम राहणार आहे.

त्याचं कारण गेल्या काही वर्षांच्या सहलींत आहे. यादीत आजी-आजोबा असत, आईबाबा असत, पाठीवर सॅक लावलेली चिमुरडी असत. नववी ते बारावीतलं क्वचितच कुणी असे. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘त्याचा अभ्यास आहे’. जुलैत. (क्युपर्टिनोत जुलैतही अभ्यास असतो, हे मान्य.) जी मुलं यायची ती तंबूखाली खुर्ची टाकून, मोबाइलमध्ये मान घालून, ‘निघायचं कधी’ या एका प्रश्नावर दिवस काढायची. लंगडी, संगीतखुर्ची आणि मराठी म्हणींचा तक्ता यांत सोळा वर्षांच्या मुलाने रमावं ही अपेक्षाच जरा जास्त होती. या वर्षी ‘तुमचं तुम्ही फिरा’ असं पत्रकात छापलं आणि मुलं आली. त्यांच्या ओढीने काही घरं कित्येक वर्षांनी सहलीला दिसली.

काही मुलं तर कारपूलमध्येही नव्हती. सनीव्हेलहून कॅलट्रेनने सॅन होजेचं डिरिडॉन स्टेशन, तिथून 17 नंबरची एक्सप्रेस बस आणि सांताक्रूझला उतरून किनाऱ्यापर्यंत चालत, असा बेत त्यांनी स्वतः आखला. सप्टेंबर 2024 मध्ये कॅलट्रेन विजेवर धावू लागल्यापासून शनिवार-रविवारीही अर्ध्या तासाला गाडी असते, त्यामुळे जुळणी सोपी झाली. हायवे 17 च्या वळणांवर बस काही गाड्यांपेक्षा वेगळ्या रस्त्याने जात नाही. पण मुलं सकाळी लवकर निघाली आणि पोह्यांचं पातेलं घेऊन निघालेली मोठी मंडळी उशिरा. त्यामुळे तंबू उभारायला पहिले हात लागले ते या पोरांचे. पत्रांमध्ये या गोष्टीचा उल्लेख एकाही ठिकाणी नाही, म्हणून तो इथे मुद्दाम केला आहे.

सांताक्रूझच्या किनाऱ्याला अशा पोरांची सवय जुनी आहे. जुलै 1885 मध्ये हवाईच्या राजघराण्यातले तीन भाऊ, डेव्हिड, एडवर्ड आणि जोना कुहियो, इथे आले होते. तिघं सॅन मटेओच्या वसतिगृहाच्या शाळेत शिकायचे. सगळ्यात धाकटा कुहियो 14 वर्षांचा. त्यांनी इथल्याच रेडवुडच्या फळ्या कापून घेतल्या आणि आता बोर्डवॉकला लागून असलेल्या सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार झाले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंगची ती पहिली नोंद. आता ती मुलं लाटांवरच वाढलेली, आणि आपली मुलं क्लोरिनच्या तलावात पोहायला शिकलेली. इथलं पाणी भर उन्हाळ्यातही पंधरा अंशांच्या आसपास असतं आणि माणसाला किनाऱ्यापासून आत ओढून नेणारे प्रवाह वरून दिसत नाहीत. फिरण्याची मोकळीक दिली तरी पाण्याचा नियम सैल केला नव्हता तो याचसाठी, आणि तो पुढेही सैल होणार नाही.

विरोधातल्या पत्रांमधला एक मुद्दा वजनदार आहे. ‘आम्ही बारा वर्षांचे असताना एकटे फिरायचो’ ही आठवण पुराव्यासारखी वापरू नका, असं एका सभासदांनी लिहिलं आहे. खरं आहे. चिपळूणला मामाकडे निघालेल्या मुलाला एसटीत बसवताना वडील कंडक्टरला दोन शब्द सांगायचे आणि मग ते मूल कंडक्टरचं होऊन जायचं. शेजारच्या सीटवरच्या बाई नाव-गाव विचारून, चकली हातावर ठेवून लक्ष ठेवायच्या. पुण्यात क्लासला सायकलवरून जाणाऱ्या मुलाला चौकाचौकात कुणीतरी ओळखत असायचं. इथे ते डोळे नाहीत. इथे दार उघडलं की समोर गाडी, आणि गाडी चालवता येईपर्यंत मूल आईच्या कॅलेंडरवर जगतं.

त्या गाडीच्या बाबतीत मात्र कार्यकारिणीने या वेळी ठाम ‘नाही’ म्हटलं, आणि त्यावर मुलं रागावली. कॅलिफोर्नियात साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परमिट मिळतं. सहा महिने आणि 50 तासांच्या सरावानंतर, ज्यातले 10 तास रात्रीचे, सोळाव्या वर्षी तात्पुरतं लायसन्स. पहिले 12 महिने रात्री 11 ते पहाटे 5 गाडी चालवायची नाही, आणि शेजारी लायसन्स असलेला 25 किंवा त्याहून जास्त वयाचा कुणी नसेल तर 20 वर्षांखालचा प्रवासी घ्यायचा नाही. ठरावीक अपवाद सोडता. म्हणजे सोळा वर्षांच्या दादाने तीन मित्रांना गाडीत घालून सहलीला यायचं, हे कितीही सोयीचं असलं तरी चालणार नाही. हा मंडळाचा हट्ट नव्हे, राज्याचा कायदा आहे, आणि ज्या पालकांनी ‘जवळच तर आहे’ म्हणून विचारणा केली त्यांनाही हेच उत्तर दिलं आहे.

आता थोडं कडू. हे सगळे नियम ठरवायला मे महिन्यात खुली सभा घेतली होती. तारीख दोनदा कळवली, चहा-बिस्किटंही ठेवली. कार्यकारिणी वगळता आलेली माणसं एका गाडीत मावली असती. ज्यांना जुलैमध्ये इतकं काही सांगायचं होतं त्यांनी ते मेमध्ये सांगितलं असतं, तर निरोप कुठल्या अ‍ॅपवर द्यायचा हेही तेव्हाच ठरलं असतं.

सप्टेंबरची सहल बिग बेसिनला आहे. 1902 साली स्थापन झालेलं हे कॅलिफोर्नियातलं सगळ्यात जुनं राज्य उद्यान. ऑगस्ट 2020 च्या आगीत ते जवळजवळ सगळं होरपळलं, 2022 मध्ये काही भाग पुन्हा उघडला. काळ्या पडलेल्या रेडवुडच्या खोडांवर हिरवे कोंब फुटलेले बघायला मुलांना न्यायलाच हवं. पण तिथे मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे बोर्डवॉकचा नियम तिथे लागू नाही. मोठ्या मुलांचे गट वेगळे चालतील, प्रत्येक गटाबरोबर एक दादा किंवा ताई असेल. कॉलेजातून सुट्टीवर आलेल्या मुला-मुलींनी या कामासाठी नावं द्यावीत. आईबाबांनी द्यायची नाहीत, मुलांनी स्वतः द्यायची आहेत.

पार्किंग मोजकं आहे आणि जागा आधी राखून ठेवायची आहे, तेव्हा एका घराच्या दोन गाड्या आणू नयेत. संमतीपत्रावर आई किंवा वडिलांची सही हवी आणि खाली मुलाची स्वतःचीही. निरोपांसाठी मुलं जे अ‍ॅप सुचवतील ते स्वयंसेवकांनी फोनवर घ्यायचं ठरलं आहे. ज्या काकांना ते जमत नाही त्यांना सहलीच्या आदल्या रविवारी मराठी शाळेच्या वेळेत मुलं शिकवतील. जेवणाची ऑर्डर गुरुवारी दुपारी जाईल. त्यानंतर नाव नोंदवणाऱ्यांनी घरून डबा आणावा.