पहाटेचा मासा, दुपारचा नमुना

बंधाऱ्याच्या भिंतीला लागलेला मेलेल्या माशांचा पांढरा पट्टा आणि त्यावर काळपट तवंग, असा फोटो एका वाचकानं या आठवड्यात पाठवला. संबंधित कार्यालयात विचारणा केली. उत्तर आलं : नमुना घेतला आहे, पाण्यातला प्राणवायू समाधानकारक आहे. नमुना किती वाजता घेतला? दुपारी साडेबाराला. हे ऐकून डोकं फिरलं, म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

नेहमीच्या वाचकांना पाण्यातल्या प्राणवायूचं गणित पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो. शेवाळ माजलेल्या पाण्यात दिवसा प्राणवायू तयार होतो. रात्री तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू तो ओढून घेतात. सर्वांत कमी प्राणवायू असतो तो तांबडं फुटायच्या सुमारास. लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली तो घसरला की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि मरतात. ऊन चढलं की पाणी सावरतं. रात्रीत कुणी मळीमिश्रित पाणी सोडलं असेल, तर त्याचा लोटही तोवर पुढच्या गावाच्या हद्दीत गेलेला असतो. दुपारी भरलेल्या बाटलीत मग काय सापडणार?

प्राणवायूची चाचणी मुळात काठावरच सुरू करायची असते. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्यात बुडवून, आत बुडबुडा राहू न देता भरायची आणि लगेच मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइडची द्रावणं सोडायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर साका पांढराच राहतो. आकडा नंतर प्रयोगशाळेत निघतो, पण पाणी मेलंय की जिवंत आहे हे बाटली धरणाऱ्याला तिथल्या तिथं कळतं. हे काम मन लावून करणारी माणसं आपल्या सरकारी प्रयोगशाळांत आहेत. त्यांना वेळेवर काठावर पोचवणारी व्यवस्था नाही, हे माझं दुखणं आहे.

अशी व्यवस्था आपल्याला उभारता येत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. २०२५ च्या जानेवारीत उदगीरमध्ये काय झालं ते आठवा. शहरात कावळे मरून पडायला लागले. संख्या पन्नासच्या आसपास. पशुसंवर्धन विभागानं मेलेले कावळे उचलले, नमुने पुण्याला आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले. काही दिवसांत निदान हाती आलं : बर्ड फ्लू, एच५एन१. जिल्हाधिकाऱ्यांनी १० किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र जाहीर केला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, त्यांचंही निदान भोपाळनंच केलं. कावळ्याला कुणी मालक नाही, बाजारभाव नाही. तरीही तो मेल्यावर कुणी उचलायचा, कुठं पाठवायचा, निकाल आल्यावर कुणी काय करायचं, हे सगळं आधीपासून कागदावर ठरलेलं होतं आणि त्याबरहुकूम माणसं हलली.

आता पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर या. शिरोळ तालुक्यातल्या लोकांनी तिथं मेलेल्या माशांचे खच वारंवार पाहिले आहेत. पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, बंधारा जलसंपदा खात्याचा, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाची आणि सांडपाणी नगरपालिका-महापालिकांचं. मेलेला मासा कुणाचा? पंचनामा पाण्याचा होतो. माशाचे कल्ले कोण तपासतं? तडफडणारा मासा बर्फात घालून नेला तर विषाचा तपास लागू शकतो, तुकडे वेळीच फॉर्मॅलिनमध्ये ठेवले तर पेशींवरचा परिणाम दिसतो. उन्हात फुगलेल्या माशातून जवळजवळ काहीच हाती लागत नाही, आणि आपल्याकडे तो फुगेपर्यंत खात्याखात्यांत फोनाफोनी चालू असते.

कावळ्याच्या वेळी धावपळ झाली, कारण त्याच्या मागं कुक्कुटपालनाचा धंदा आणि माणसाच्या जिवाची भीती उभी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. माशाच्या मागं उभा आहे तो नदीकाठचा भोई. त्याचा आवाज मुंबईपर्यंत पोचत नाही. आणि माणसाच्या जिवाचंच म्हणाल, तर तेच पाणी खालच्या गावांच्या नळाला येतं.

इथं माझा जुना मुद्दा पुन्हा येतोच. नदीसुधार म्हटलं की आपल्या शहरांना घाट, फरशी आणि दिवे सुचतात. प्राणवायू मोजणारं यंत्र दगडी घाटाच्या दोन-चार पायऱ्यांच्या खर्चात येत असावं. ते दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते विकत घेतलं जात नाही. हे मी लिहीतच राहणार.

माणसं नाहीत ही सबबही चालणार नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे (ओटी) थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहतो, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलंय ना याची खात्री करतो. हातावर पोट असलेला माणूस हे काम करतो आणि त्यावर गावाच्या पाणीपुरवठ्याचं लाल, पिवळं किंवा हिरवं कार्डही काही अंशी अवलंबून असतं. मोठ्या बंधाऱ्यांलगतच्या गावांत त्याच माणसाला प्राणवायूचं मीटर द्या, रीतसर मानधन द्या आणि मार्च ते जून या काळात सूर्योदयापूर्वीची नोंद त्याच्याकडून घ्या. मंडळाची नदीवरची तपासणी साधारण महिन्यातून एकदा होते. ती हवीच, पण एका पहाटेत घडून गेलेली गोष्ट तिच्या हाती लागणं कठीण आहे.

तोवर नदीकाठच्या वाचकांना विनंती. मासे वर येताना दिसले तर फोटो काढा, वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि तक्रार उजाडायच्या आत करा. अहवाल आला की त्यात पहिल्यांदा एकच गोष्ट शोधा : नमुना घेतल्याची वेळ. ती लिहिलेली नसेल, किंवा दुपारची असेल, तर तो अहवाल मान्य करू नका.