धूर दिसेना, तरी तपासा

चढावर ट्रक काळा धूर सोडतो, ती अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. त्यावर एक उपाय म्हणजे बायोडिझेलचे मिश्रण. २०१८ च्या धोरणानुसार २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचे आहे.

बायोडिझेलमध्ये वजनाच्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते. जुन्या अवजड इंजिनांबाबतच्या अमेरिकी आढाव्यात २० टक्के मिश्रणाने सूक्ष्म कण सुमारे १० टक्क्यांनी घटले. मात्र नायट्रोजन ऑक्साइड २ टक्क्यांनी वाढले. हे वायू श्वसनमार्गाला त्रास देतात आणि उन्हात ओझोन तयार करतात.

यावरही इलाज आहे. इंधन किंचित उशिरा फवारणे, थोडा धूर थंड करून पुन्हा इंजिनात सोडणे किंवा युरियाच्या द्रावणाने या वायूंचे नायट्रोजन आणि पाणी करणे. नव्या बीएस-६ ट्रकमध्ये युरियाची यंत्रणा सर्रास असते. अनेक जुन्या गाड्यांत नसते.

अडचण पुढेच आहे. आपल्या पीयूसी चाचणीत डिझेल गाडीच्या धुराची घनता तेवढी मोजतात. बायोडिझेलने धूर विरळ झाला की गाडी पास! वाढलेला वायू कोणाच्याच नजरेस पडत नाही. म्हणून मिश्रणाची टक्केवारी वाढवताना चाचणीत नायट्रोजन ऑक्साइडही मोजायला हवेत. फुप्फुसाला न दिसणारा धूरही बाधतोच.