चेहरा की अक्षरं?

मित्राच्या बर्थडेला त्याचा चेहरा नाण्यावर बसवून ग्रुपवर टाकलाय कधी? काम सोपं आहे. फोटोशॉपमध्ये नाण्याचा फोटो उघडायचा, वर चेहऱ्याचा लेयर ठेवायचा, रंग काढायचे, ‘एम्बॉस’ द्यायचं. उजेडाची दिशा दोन्हीकडे एकच ठेवली की चेहरा धातूतूनच उठल्यासारखा दिसतो. सगळे खूश!

इथपर्यंत गंमत ठीक. पण हीच करामत इतिहासावर केली तर? समजा, कुणी जुन्या नाण्यावर शिवाजी महाराजांची छबी चढवली आणि ‘शिवकालीन नाणं’ म्हणून फॉरवर्ड केली. आपण अभिमानाने शेअर करून मोकळे!

महाराजांची खरी नाणी म्हणजे सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. त्यांवर चेहरा नाहीच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, बस्स! मुघलांच्या नाण्यांवर फारसी मजकूर असण्याच्या त्या काळात ही देवनागरी अक्षरं. अभिमान वाटावा तो याचा. महाराजांची छबी असलेलं नाणंही आहे, पण ते भारत सरकारने १९९९ मध्ये काढलेलं दोन रुपयांचं.

म्हणजे खोटा चेहरा चढवताना आपण खरी अक्षरं पुसतो. एडिटिंग जरूर करा, फक्त कोपऱ्यात ‘एडिट केलेलं’ एवढं लिहा. खोटं नाणं दुकानदार लगेच परत करतो. ग्रुपवरही कुणीतरी परत करायला हवं ना? ते तुम्हीच करा!