टनभर वजनाचा पाहुणा

मराठीत 'यारी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मैत्री आणि दुसरा अवजड ओझे उचलण्याचे यंत्र. या दोन अर्थांचा परस्परांशी काय संबंध आहे, ते कोशकारांनी पाहावे. आमच्या बेळगावात मात्र कित्येक घरांना या दोन्ही याऱ्यांची गरज एकाच दिवशी पडते. तो दिवस म्हणजे घरी लेथ येण्याचा.

बेळगावचे आणि लोखंडाचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथेच सायकलींचे दुकान थाटले, येथेच लोखंडी नांगर घडविले आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर ते आपला कारखाना घेऊन गेले. ते गेले, पण हातांना लागलेला तेलाचा वास गावात राहिला. आज उद्यमबागेत ओतशाळा आहेत, यंत्रशाळा आहेत. आणि अनगोळ-शहापूरच्या गल्ल्यांतून अशीही घरे आहेत, की जेथे मोटारीसाठी बांधलेल्या खोलीत मोटार कधी आलीच नाही, लेथ आला. नोकरीतून निवृत्त झालेला कारागीर किंवा नोकरी न मिळालेला त्याचा मुलगा जुने यंत्र विकत घेतो, टेंपोत घालून दारापर्यंत आणतो, शेजारच्या चार धट्ट्याकट्ट्या पोरांना हाक मारतो आणि 'हैय्या' म्हणून सगळे त्याला हात घालतात. या क्षणाविषयीच मला आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

सहा फुटी लेथ साधारणपणे टनभर वजनाच्या घरात जातो. दहा जण मिळून शंभर-शंभर किलो उचलू, हा हिशेब शाळेच्या पाटीवर सुटतो, गॅरेजच्या दारात सुटत नाही. दहा माणसांना धरावयास जागाच नसते. शिवाय हेडस्टॉककडची बाजू जड, टेलस्टॉककडची हलकी. एकाचा पाय घसरला, की त्याचा वाटा क्षणार्धात दुसऱ्याच्या मनगटावर येतो. म्हणून पहिला आणि शेवटचा नियम एकच : यंत्राचा भार कोणत्याही क्षणी जमिनीवर, लाकडावर किंवा साखळीवर असला पाहिजे, माणसाच्या अंगावर कधीही नाही. माणसाने केवळ भाराला वाट दाखवावयाची.

शेजारच्या विजापुरातली मुलूखमैदान तोफ पाहावी. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही सुमारे पंचावन्न टनांची तोफ चारशे बैल आणि दहा हत्ती लावून आणली, असे सांगतात. आकड्यांत दंतकथेचा अंश असेलही. पण एवढे ओझे हलवावयाचे तर ओढणाऱ्यांच्या बळाइतकीच शिस्तही लागली असणार. आपले ओझे तोफेच्या पन्नासाव्या हिश्शाचे. त्याला हत्ती नकोत. पहार, पाचरी, लाकडी ठोकळे आणि लोखंडी नळ्या पुरतात.

पहारीचे गणित सातवीतला मुलगाही मांडील. पाच फुटी पहारीच्या टोकापासून तीन इंचांवर टेकू ठेवला आणि दुसऱ्या टोकावर पंचवीस किलोंचा दाब दिला, तर टोकाशी सुमारे पावणेपाचशे किलोंचे बळ मिळते. दोन माणसे, दोन पहारी. टनभर यंत्राची एक बाजू बोटभर उचलली जाते. उचलली, की लगेच तिच्याखाली ठोकळा सारावा आणि तोही हाताने नव्हे, काठीने. इंचभर वर, इंचभर टेकण. मग दुसरी बाजू. जॅक वापरला तरी रीत हीच. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. आतले तेल झिरपले की तो बसतो आणि बसताना कोणाला विचारीत नाही. ठोकळे रचताना एक थर उभा, एक थर आडवा, असे रचावेत. विटा रचू नयेत. वीट सूचना न देता फुटते.

टेंपोतून उतरविण्यासाठी तासाभराची क्रेन भाड्याने घ्यावी, हे उत्तम. पण दारावरून गेलेल्या विजेच्या तारा आधी पाहाव्यात; क्रेनचा हात तारांच्या जवळपासही जाता कामा नये. पट्टा बेडला घालावा; लीड-स्क्रू, फीड-रॉड किंवा स्पिंडल यांना कधीही नाही. चक काढून ठेवावा आणि कॅरेज टेलस्टॉककडे सरकवून घट्ट करावा, म्हणजे तोल बराचसा मध्यावर येतो. धारदार कडेशी पट्ट्याखाली गोणपाटाची जाड घडी घालावी. दोन पट्टे आकड्यात अडकविताना ते फार आडवे होऊ देऊ नयेत. टनभर ओझ्याचे दोन पट्टे सरळ उभे असतील तर प्रत्येकावर पाचशे किलोंचा ताण येतो. ते जमिनीशी साठ अंशांचा कोन करीत असतील तर सुमारे पावणेसहाशेंचा. आणि कोन तीस अंशांचा असेल तर प्रत्येकावर पुरा एक टन. ओझे तेच, पट्टे तेच. कोन बदलला की ताण दुप्पट होतो.

क्रेन दारापाशी थांबते. छप्पर बुटके असल्याने आतला प्रवास आपल्यालाच करावा लागतो. पुष्कळांना येथे छपराच्या वाशाला साखळी-कप्पी बांधण्याची बुद्धी होते. कौले पेलणारा वासा लेथ पेलण्यासाठी घातलेला नसतो. स्लॅबमधला पंख्याचा आकडाही नसतो. त्यापेक्षा यंत्राखाली जाड लाकडी तुळया बोल्टांनी आवळाव्यात आणि तुळयांखाली चार नळ्या घालून पहारीने हळूहळू सरकवावे. मागून सुटलेली नळी पुढे आणून ठेवणे, हे एकाच माणसाचे काम. तिची दिशा बदलावयाची तर हातोडीने टोकाशी ठोकावे. बोटे नळीखाली जाता कामा नयेत. वाटेत शहाबादी फरशी पोकळ वाजते काय, गटाराचे किंवा सेप्टिक टाकीचे झाकण येते काय, हे आदल्या दिवशी पाहावे. झाकणावरून वाट नेऊच नये. इतरत्र जाड पत्रे अंथरावेत. दाराशी उतार असेल तर नळ्या मुळीच वापरू नयेत. दहा फुटांत एक फूट एवढा उतारही टनभर यंत्राला शंभर किलोंच्या ओढीने खाली खेचतो. तेथे फळ्यांवरून घसरवीत न्यावे, मागे भक्कम खांबाला वेढा दिलेला दोर असावा आणि उताराच्या बाजूला एकही माणूस नसावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी एका घरी पिलर-ड्रिल आले. वजन फार नाही, अडीचशे किलोंच्या आसपास. पण मोटार आणि डोके वर, बैठक अरुंद. अशी यंत्रे उभी नेऊच नयेत, आडवी करून न्यावीत. ते उभे नेत होते. उंबऱ्याशी नळी अडली आणि यंत्र कलले. घरातला थोरला मुलगा ते धरावयास पुढे झाला. त्याचा पंचाहत्तरीचा आजा ओट्यावरून ओरडला, "सोड रे! मागं हो!" मुलगा मागे सरला. यंत्र पडले, टेबलाचा ओतीव हात तुटला, अंगणातली फरशी फुटली. मुलाला खरचटलेसुद्धा नाही. संध्याकाळी तो नुकसानीचा हिशेब करीत बसला होता, तेव्हा आजा म्हणाला, "बिडाचा हात पुन्हा ओतता येतो, बाबा." पडणारे यंत्र सावरण्याची ऊर्मी माणसाला उपजतच असते, म्हणून ती आधीच सांगून आवरावी लागते : पडू लागले, तर पडू द्यायचे.

म्हणून कामास लागण्यापूर्वी सर्वांना एकत्र उभे करावे. आज्ञा एकानेच द्यावी. आमच्याकडे हाताखालच्या चौघांत दोघे मराठी, एक कानडी, एक हिंदी बोलणारा असतो. एक 'थांब' म्हणतो, दुसरा 'निल्लु' म्हणतो आणि तिसरा तोवर ढकलीत असतो. 'बस' हा शब्द सर्वांना कळतो. तोच ठरवून टाकावा आणि तो कोणीही उच्चारला तरी सर्वांनी हात काढावेत. पायांत चपला नकोत, जाड बूट हवेत. लुंगीचा सोगा नको, बोटात अंगठी नको. पोराबाळांना शेजारी पाठवून द्यावे. ती बघावयास येतातच.

यंत्र जागेवर आले म्हणजे काम संपले, असे नाही. मागच्या बाजूस माणूस शिरेल एवढी जागा भिंतीपासून सोडावी. बेडवर दोन्ही टोकांना आडवी पाणसळ ठेवून, पायांखाली पत्र्याचे तुकडे घालीत समपातळी साधावी आणि मगच बोल्ट आवळावेत. एका पायाशी जरी पोकळी राहिली, तरी बेडला पीळ बसतो आणि कातलेला दांडा सरळ उतरत नाही. आठवड्याने पाणसळ पुन्हा लावून पाहावी.

या साऱ्याला एक दिवस जातो. 'हैय्या'ला दहा मिनिटे लागतात. घाई करणाऱ्याला माझे सांगणे एवढेच, की हे यंत्र पुढे वीस-तीस वर्षे घराला भाकर देणार आहे. खंडेनवमीला त्याची पूजा होईल, त्याला झेंडूची माळ घातली जाईल. ती माळ ओवताना घरातल्या प्रत्येकाची दहाही बोटे शाबूत असावीत, यासाठी एक दिवस फार नाही.