नांव कोठें कोरावें?

सुटींत आम्ही पवनानगराहून घाट उतरून रेवदंड्यास गेलों. समुद्र पाहिला, पोर्तुगीजांच्या कोटाचे भग्न अवशेषही पाहिले. परंतु तेथील भिंतींवर प्रवाशांनीं खरडलेलीं नांवें पाहून वाईट वाटलें. कारण त्यांत आमच्यापैकींही दोघांनीं भर घातली.

आपल्या शेजारच्या बेडसें लेण्यांत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राचें नांव कोरलेलें आहे. कार्ल्याच्या स्तंभावर सोपारा बंदराच्या दात्याचें आहे. त्यांनीं दान दिलें, म्हणून तीं नांवें सुमारें दोन हजार वर्षें तेथें आहेत. आपण त्या भिंतींस काय दिलें?

बालमित्रहो, सहलीस निघतांना कोळसा नव्हे, वही न्या. लेख उतरून घ्या. पालकांनींही हाच नियम पाळावा, म्हणजे मुलांस निराळें सांगावें लागणार नाहीं.