दहा हजारांचा धाक आणि शतपावली

दिवसाकाठी दहा हजार पावलं झाली नाहीत तर चालणं वाया गेलं, ही समजूत आता घराघरांत पक्की बसली आहे. मनगटावरच्या घड्याळात सहा हजारांचा आकडा पाहून खट्टू होणारी आणि महिन्याभरात चालणंच सोडून देणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. चांगल्या सवयीचा असा घात करणारी समजूत आधी खोडून काढायला हवी.

हा आकडा कुठल्याही दवाखान्यातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानात व्यायामाची हवा होती. १९६५ साली यामासा कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि दहा हजार हा आकडा थेट त्याच्या नावातच घातला. गोल आणि लक्षात राहणारा आकडा, तो जगभर गेला. त्याची कसून तपासणी व्हायला पुढे अर्धशतक लागलं. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. ७,५००च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. मुळात धडधाकट असलेल्याच जास्त चालत असतील, असा आक्षेप यावर घेता येतो आणि तो रास्त आहे. अशा निरीक्षणातून कार्यकारण पूर्ण सिद्ध होत नाही. पण दहा हजारांच्या खाली सगळं व्यर्थ, या दाव्याला मात्र इथे तिळभरही आधार मिळत नाही.

माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. किती चाललो, याइतकंच केव्हा चाललो हेही महत्त्वाचं आहे. आणि ‘केव्हा’चं उत्तर आपल्या घरात फार पूर्वीपासून आहे: जेवण झाल्यावर.

जेवणानंतर साधारण तासाभरात रक्तातली साखर सगळ्यात वर चढते. आपलं रात्रीचं ताट भात, पोळी, बटाट्याची भाजी असं असलं की ती जास्तच चढते. त्या वेळी आपण सोफ्यावर टीव्हीसमोर असतो. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू आकसतात आणि रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात. त्यासाठी ते इन्सुलिनवर अवलंबून राहत नाहीत. ज्यांचं इन्सुलिन नीट काम करत नाही त्यांच्यासाठी हे केवढं मोलाचं आहे! न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने ४१ मधुमेहींना आधी दिवसातून एकदा सलग तीस मिनिटं आणि नंतर प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालायला सांगून पाहिलं. काहींच्या बाबतीत क्रम उलटा ठेवला. चालणं तेवढंच, पण जेवणानंतर चालले तेव्हा त्यांची जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३च्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि ‘शुगर बॉर्डरला आहे’ असं डॉक्टर ज्यांना सांगतात ते तेरा कोटींहून अधिक. त्यांना जिमची वार्षिक फी भरायला सांगण्याआधी दहा मिनिटांची शतपावली सांगायला हवी.

‘भरल्या पोटी चालू नये, अन्न पचत नाही,’ असं बजावणारे भेटतात. तट्ट जेवून धावलं तर त्रास होईल, खरं आहे. गप्पा मारता येतील अशा चालीने तो होत नाही. छातीत दुखणाऱ्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. गोळ्या तर कोणीही परस्पर बंद करू नयेत. जागा नाही, ही तक्रार जास्त खरी आहे. फूटपाथवर दुचाक्या लावलेल्या, दिवे बंद, कुत्री मोकाट. याचा जाब नगरसेवकाला विचारलाच पाहिजे. तोवर गच्ची आहे, इमारतीचं आवार आहे, चाळीची गॅलरी आहे.

थोडं चालणंही कामी येतं, हे मनाच्या बाबतीतही दिसतं. व्यायाम आणि नैराश्य यांचा संबंध तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. शिफारस केलेल्या व्यायामाच्या निम्माच करणाऱ्यांमध्येही नैराश्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला. निम्मा म्हणजे भराभर चालण्याची रोजची दहा-अकरा मिनिटं.

मग सवय टिकत का नाही? इथे ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हा दुसरा गैरसमज आडवा येतो. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६०च्या पुस्तकात लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातलं ‘किमान’ गळालं आणि नियम झाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी प्रत्यक्ष मोजलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८ पुरले, कोणाला अडीचशेच्या घरात लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. त्यांनी नवी सवय रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला बांधायला सांगितली होती. जेवणाइतका न चुकणारा प्रसंग दुसरा कुठला?

आता एका वेगळ्या बाजूला उत्तर द्यायचं आहे. ‘हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं,’ असं म्हणून हात झटकणारे लोक. शतपावली होती, पण कोणाची? जेवून उठून अंगणात फेऱ्या घालत ते पुरुष. बायका त्यांच्यामागून उरलंसुरलं जेवत, मग उष्टी-खरकटी, मग ओटा. फ्लॅटमध्येही बहुतेक ठिकाणी तेच चालू आहे. ओट्याशी उभं राहून भांडी घासण्यात कष्ट आहेत, पण पायांना चाल नाही. आणि सगळं आवरून ती मोकळी होईपर्यंत साखर चढायची ती चढून गेलेली असते. ज्या घरात तिला मधुमेह आहे तिथे हा प्रश्न सौजन्याचा उरत नाही, उपचाराचा होतो. परंपरेचा अभिमान असणाऱ्यांनी एवढंच करावं: सगळ्यांनी एकत्र जेवावं, खरकटी भांडी सिंकमध्ये पाणी घालून ठेवावीत आणि तिच्यासकट लगेच खाली उतरावं. परत आल्यावर भांडी दोघांनी मिळून घासावीत.